दुकानदाराला लिहिलेले अर्ज

'सिस्टिम शॉक २' हा कॉम्प्युटर गेम १९९९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला आणि २०१२ साली त्याचे हक्क एका विमा कंपनीकडे होते. विमा कंपनी म्हणजे खरीखुरी, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली, 'स्टार इन्शुरन्स' नावाची. गेम बनवणाऱ्यांपैकी 'लुकिंग ग्लास' ही कंपनी २००० साली बंद पडली. कंपनी बुडाली की टेबलं, खुर्च्या, पंखे विकले जातात, तसे तिच्या गेमचे हक्कही कुणाच्या तरी गाठोड्यात जातात. ते गेले विमावाल्यांकडे. गेमच्या नावाचा हक्क मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशकाकडेच राहिला. एका भावाकडे घर आणि दुसऱ्याकडे दारावरची पाटी, अशी भाऊबंदकीतल्या वाड्यासारखी अवस्था झाली. जुन्या सीडी संपल्यावर कितीतरी वर्षं हा गेम सरळ मार्गाने विकत घ्यायचा तर दुकानच नव्हतं.

आणि तो हवा असणारी माणसं मात्र होती. अगदी नंदुरबारलासुद्धा होती. (किमान एक तरी होता, त्याची खात्री मी देतो.)

आमच्याकडे गेम यायचे सुरतेहून. ताप्ती लाइनवरच्या पॅसेंजरने कुणी ना कुणी सुरतेला जातच असे. कापड आणायला, नातेवाइकांकडे, दवाखान्यात. येताना पन्नास-साठ रुपयांची एक सीडी आणायची, तीत तीन-चार गेम कोंबलेले असायचे, कव्हरवर तिसऱ्याच गेमचं चित्र. अशा एका सीडीत मला हा 'सिस्टिम शॉक २' मिळाला, साधारण २००४ च्या सुमारास. एका निर्मनुष्य अंतराळयानात तुम्ही जागे होता आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते त्यांनी मागे ठेवलेल्या ध्वनिमुद्रित नोंदी ऐकत ऐकत शोधत जाता, असा तो गेम. गोळ्या जपून वापराव्या लागतात, बंदूक मध्येच बिघडते. आमच्या मित्रमंडळींना 'व्हाइस सिटी'चं वेड होतं, त्यांना हा रडका वाटला. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळत मी तो पुरा केला. पण त्याविषयी बोलायला आख्ख्या जिल्ह्यात कुणी सापडेना.

चोरीच्या सीडीचं समर्थन मी करत नाही. पण खऱ्या सीडीचं दुकान कुठे होतं, हा प्रश्नही विचारायलाच हवा.

गंमत म्हणजे हा प्रश्न अगदी याच शब्दांत पोलंडमधल्या काही लोकांना पडला होता. वॉर्साच्या कॉम्प्युटर बाजारात नव्वदीच्या दशकात चोरीच्या प्रतींचीच चलती होती. १९९४ साली तिथे 'सीडी प्रोजेक्ट' नावाची कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एकजण याच बाजारात गेमच्या सीडी विकत असे. पुढे 'बाल्डर्स गेट' हा गेम त्यांनी पोलिश भाषेत आणला, पोलिश आवाज दिले, खोक्यात नकाशा, पुस्तिका वगैरे घातली आणि लोकांनी पैसे मोजून तो घेतला. चोरीची सीडी घेणारा हाही गिऱ्हाईकच आहे, त्याला अजून कुणी नीट माल दाखवलेला नाही, असा तो हिशेब होता. याच कंपनीने २००८ मध्ये जुने गेम विकणारं एक ऑनलाइन दुकान उघडलं. नाव 'गुड ओल्ड गेम्स', पुढे नुसतं 'गॉग'. आणि या दुकानात एक यादी ठेवली. तुम्हाला कुठला गेम इथे मिळायला हवा ते सांगा, दुसऱ्याने सांगितलेला पटला तर त्याला मत द्या. खातं उघडायला पैसे नाहीत, मत द्यायलाही नाहीत.

त्या यादीत सगळ्यात जास्त मागणी 'सिस्टिम शॉक २' ला होती.

आमच्याकडच्या किराणा दुकानात हीच पद्धत आहे, फक्त ती कागदावर नसते. "शेठ, अमक्या कंपनीचा चहा ठेवा ना," म्हटलं की शेठ वर न बघता विचारतात, "किती जण घेणार?" आपण म्हणतो, "खूप जण विचारतात." त्यावर ते हसतात. विचारणारे किती आणि घेणारे किती, हे दोन वेगळे आकडे आहेत हे त्यांना पक्कं माहीत असतं. गेमच्या चाहत्यांनी दुकानांना आणि प्रकाशकांना केलेल्या अर्जांचा सगळा इतिहास मला या दोन आकड्यांमधल्या भांडणाचा इतिहास वाटतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'ऑपरेशन रेनफॉल'चं. निन्टेंडोच्या वी या यंत्रासाठी जपानमध्ये 'झेनोब्लेड' नावाचा भलामोठा गेम २०१० मध्ये आला. युरोपात तो २०११ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजीत आला, म्हणजे भाषांतराचं कामही झालेलं होतं. तरी अमेरिकेत आणायचा बेत नाही असं निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने सांगितलं. त्याच्या जोडीला 'द लास्ट स्टोरी' आणि 'पँडोराज टॉवर' हे आणखी दोन गेमही अडकले. २०११ च्या जूनमध्ये चाहते एकत्र आले. पत्रं लिहिली, सह्या केल्या, हे नेहमीचंच. पण त्यांनी एक हुशारीची गोष्ट केली. ॲमेझॉनवर 'मोनाडो' या जुन्या, तात्पुरत्या नावाने या गेमचं एक पान कधीतरी उघडून तसंच पडलेलं होतं. चाहत्यांनी एकमेकांना सांगितलं, तिथे जाऊन आगाऊ मागणी नोंदवा. आणि न येणारा तो गेम ॲमेझॉनच्या गेमविक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला!

मला ही युक्ती फार आवडते. अर्ज लिहिण्याऐवजी त्यांनी थेट शेठच्या वहीत नाव लिहिलं. डिसेंबरात घोषणा झाली, २०१२ च्या एप्रिलमध्ये 'झेनोब्लेड' अमेरिकेत मिळू लागला. बाकीचे दोन गेम 'एक्ससीड' या छोट्या प्रकाशकाने आणले, एक २०१२ मध्ये, दुसरा २०१३ मध्ये. या तिघांतल्या झेनोब्लेडचे पुढे आणखी भाग निघाले आणि आज ती निन्टेंडोची चांगली चालणारी मालिका आहे.

हे सगळं चाहत्यांमुळे झालं का? निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेचे तेव्हाचे प्रमुख रेजी फिस-एमे यांना २०१३ मध्ये अशा मोहिमांविषयी विचारलं गेलं तेव्हा त्यांनी गोड बोलण्याचा प्रयत्न केला नाही. आम्ही बघतो, आम्हाला कळतं, पण आमचे निर्णय त्यावर ठरत नाहीत, एक लाख सह्या म्हणजे एक लाख विक्री नव्हे, अशा अर्थाचं ते बोलले. आमचे शेठ हेच म्हणाले असते. त्यात काही खोटंही नाही.

त्याच सुमारास 'डार्क सोल्स'चा अर्ज झाला. २०१२ च्या जानेवारीत, हा गेम पीसीवर आणा म्हणून नव्वद हजारांवर सह्या जमल्या, एप्रिलमध्ये प्रकाशकाने होकार दिला, ऑगस्टमध्ये गेम आला. आला तो असा की चित्राचं रिझोल्यूशन आतून ठरावीक आणि कमी, बदलायची सोय नाही. एका चाहत्याने गेम बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत त्यावर स्वतः लिहिलेला उपाय फुकट वाटला! मागणी मान्य झाली तरी दुरुस्ती मागणाऱ्यांनाच करावी लागली. आपल्याकडे रस्त्याचा अर्ज मंजूर होतो तेव्हा होतं तसंच काहीसं.

आता अर्जावरून आठवलं. सह्या गोळा करून वरिष्ठांना गाऱ्हाणं घालायची रीत आपल्या मराठी मुलखात फार जुनी आणि फार गंभीर आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या ९५ सभासदांना सुमारे सहा हजार लोकांनी आपले प्रतिनिधी म्हणून निवडलेलं होतं. 'आमच्या वतीने हे बोलतील' असं सह्यांनिशी लिहून देणारे लोक! १८७५ मध्ये याच सभेने ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज केला की हिंदुस्थानचे प्रतिनिधी पार्लमेंटात घ्या. मान्य झाला नाही, होणारही नव्हता. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांना ते कळत नसेल असं मला वाटत नाही. सहा हजार या आकड्याचं वजन मला वेगळ्या जागी जाणवतं. कर किती भरतोस, मालमत्ता किती, हे विचारून मग मत मोजायचं हा सरकारचा पुढचा कित्येक वर्षांचा खाक्या. त्या काळात ज्याची सरकारदरबारी नोंदच नाही अशा माणसालाही एका कागदावर सही करता येत होती आणि ती शेजारच्या सावकाराच्या सहीइतकीच धरली जात होती.

गेमवरून थेट सार्वजनिक सभेवर गेलो म्हणून हसू नका. ३० ऑगस्ट २०१२ रोजी स्टीम या सगळ्यात मोठ्या गेमदुकानाने 'ग्रीनलाइट' सुरू केलं तेव्हा मला तरी तेच आठवलं होतं. तोवर स्टीमवर कुठला गेम ठेवायचा हे दुकानाची माणसं बंद दाराआड ठरवत. आता छोट्या लोकांनी आपला गेम मांडायचा, लोकांनी 'हो' म्हणायचं, पुरेसे 'हो' जमले की दुकान तो विकायला घेणार. पहिल्या काही दिवसांतच थट्टेच्या आणि बनावट नोंदींचा इतका पूर आला की मांडण्यासाठी १०० डॉलर भरा असा नियम करावा लागला. ते पैसे धर्मादाय कामाला जायचे, पण इथल्या एखाद्या मुलासाठी तेव्हाचे ते साडेपाच हजार रुपये होते. सप्टेंबरात पहिले दहा गेम निवडले गेले. त्यांत 'केन्शी' होता, जो मुख्यतः एका माणसाने वर्षानुवर्षं खपून बनवला आणि जो २०१८ च्या डिसेंबरात पूर्ण झाला. त्यांतच 'टाउन्स' होता, ज्याचं काम २०१४ मध्ये अर्धवट सोडून दिलं गेलं आणि पैसे भरलेले लोक बघत राहिले. मतदानाने निवडलेला माणूस चांगला निघेलच असं नसतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढे मतं विकत घेणं आलं. मत द्या, गेम फुकट घ्या असले सौदे आले. तरी मला बोलायचंय ते २०१५ च्या एप्रिलमधल्या एका नियमाविषयी. ज्या खात्यातून निदान ५ डॉलरची खरेदी झालेली नाही ते खातं स्टीमने 'मर्यादित' ठरवलं, आणि अशा खात्याला ग्रीनलाइटवर मत देता येणार नाही असं जाहीर केलं. कारण रास्त होतं. फसवणूक करणारे हजारो खोटी खाती उघडत आणि त्यांच्याकडून खऱ्या लोकांना त्रास होई. ५ डॉलर म्हणजे तेव्हा तीनशेच्या वर रुपये, तीही काही मोठी रक्कम नाही.

पण ते भरायचे कसे? तेव्हा स्टीमवर भारतात किमती डॉलरमध्ये होत्या, रुपयांत किंमत आली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. परदेशी व्यवहार चालणारं क्रेडिट कार्ड नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या किती पोरांच्या घरी असेल? माझं बँकेचं डेबिट कार्ड एटीएमखेरीज कुठे चालत नसे. मी एकदा शाखेत जाऊन विचारलं, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "कशाला हवंय बेटा परदेशी? सगळं इथंच मिळतं." अक्कलकुवा-धडगावकडच्या मुलांचं तर सोडाच, तिथे आधी मोबाइलला रेंज हवी. म्हणजे झालं असं की खोट्यांना वगळण्यासाठी आखलेल्या रेघेच्या पलीकडे खरे लोकही गेले, आणि ते गेले हे कुणाला कळण्याचा मार्गही त्याच रेघेने बंद केला. दुकानाच्या वहीत आम्ही नव्हतोच, आता अर्जावरूनही नाव उडालं.

याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान आले होते. साऱ्या देशाची मोजदाद सुरू करायला आमचा जिल्हा निवडला होता. गिऱ्हाईक म्हणून मोजायला मात्र कुणी आलं नाही, आणि खासगी दुकानदाराने यावं असा कायदाही नाही, हे मला समजतं. मला एवढंच म्हणायचंय की 'भारतात या प्रकारच्या गेमला बाजार नाही' असं वाक्य जेव्हा जेव्हा वाचायचो, तेव्हा तो आकडा कुठून आला असेल हे मला दिसायचं.

असो. ग्रीनलाइट २०१७ च्या जूनमध्ये बंद झालं. त्याजागी 'स्टीम डायरेक्ट' आलं, दर गेममागे १०० डॉलर भरा आणि विका, कुणाच्या मताची गरज नाही. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांवर नवे गेम आले. आता अर्ज करावा लागतो तो दुकानात घ्या म्हणून नाही, दुकानात आहे तो कुणाला तरी दिसू द्या म्हणून.

याच बदलाच्या काळात पुण्यात 'राजी' घडत होता. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूचा, देव-दानवांच्या युद्धात आपल्या भावाला शोधणाऱ्या एका मुलीचा गेम. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली, कथा सांगायला बालीच्या छायाबाहुल्यांची धाटणी. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. कौतुक मात्र भरपूर झालं. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी काम चालू ठेवण्यासाठी आपलं घर विकल्याची बातमी तेव्हा बरीच फिरली. गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये निन्टेंडोच्या स्विचवर आला, ऑक्टोबरात स्टीमवर आणि इतरत्र. द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या कलाकृतीच्या विभागात नामांकन मिळालं. रेजींचं वाक्य इथे आरशात उलटं दिसतं. 'व्वा' म्हणणारे हजारो होते आणि पैसे भरणारे पुरेसे नव्हते. पण त्या 'व्वा'मधल्या कितीजणांकडे डॉलरमध्ये पैसे भरायची सोय होती, हे कुणी मोजलं?

सगळे मराठी अर्ज मात्र असे हवेत गेले नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरात ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या ॲपमध्ये मराठी हवी, ही मागणी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने लावून धरली. आधी पत्र, मग 'नो मराठी, नो ॲमेझॉन'चे फलक, प्रकरण कोर्टात, आणि डिसेंबरात कंपनीच्या कचेऱ्यांची तोडफोड. फ्लिपकार्टवर मराठी २०२१ च्या जूनमध्ये आली, ॲमेझॉनवर सप्टेंबरात. मराठी आली याचा मला आनंद आहे. काचा फोडण्याचा नाही. तिथे काम करणारी पोरंही आपलीच असतात. आणि मनात एक हिशेब राहतोच की मराठीत खरेदी करणाऱ्यांची संख्या बघून कंपनी कधी ना कधी आलीच असती का. कदाचित हो. पण जी भाषा ॲपमध्ये नाहीच, तिच्यात खरेदी करणारे किती हे कुठल्या वहीत दिसणार होतं? आणि हाच प्रश्न उद्या कुणी अहिराणीविषयी, भिलीविषयी, पावरीविषयी विचारला तर? तिथे तर पत्र लिहायलाही मोठा पक्ष पाठीशी नाही.

विमा कंपनीकडचा तो गेम राहिला. स्टीफन किक नावाचा एक तरुण सोनीची नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. ग्वाटेमालात असताना त्याला 'सिस्टिम शॉक २' पुन्हा खेळावासा वाटला. जवळची जुनी सीडी त्याच्या छोट्या लॅपटॉपवर चालेना. गॉगवर शोधला, तिथे नुसती मागणी होती, गेम नव्हता. मग हक्क कुणाकडे याचा माग काढत तो विमा कंपनीपर्यंत पोचला आणि त्याने सरळ पत्र लिहिलं. बोलणी झाली, नावासाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सशी जुळवून घेतलं गेलं, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत गेम गॉगवर विकायला आला. किकने यातूनच 'नाइटडाइव्ह' ही कंपनी उभी केली. पहिल्या 'सिस्टिम शॉक'ची नवी आवृत्ती तिने २०२३ मध्ये काढली, दुसऱ्या भागाची २०२५ च्या जूनमध्ये.

इतकी वर्षं साचलेली हजारो मतं एका पत्राने मार्गी लागली. मतांनी गेम आणला असं म्हणता येणार नाही, पण तो आणणाऱ्या माणसाला आणि दुकानाला गिऱ्हाईक आहे का हे शोधत बसावं लागलं नाही. त्या मतांत माझंही एक होतं, नंदुरबारच्या एका सायबर कॅफेतून दिलेलं, तासाला पंधरा रुपये मोजून. गेम आला तेव्हा त्याची किंमत होती ९.९९ डॉलर, तेव्हाचे सुमारे ५४० रुपये. खिशात होते. भरायचा रस्ता नव्हता. मी तो विकत घेतला तीन वर्षांनी, पुण्यात नोकरी लागून कार्ड हातात आल्यावर, सवलतीत. पहिल्या दिवशीच्या विक्रीच्या आकड्यात मी नाही. मतांच्या आकड्यात आहे.

२०२५ च्या सुरुवातीला गॉगने ती जुनी यादी नव्या रूपात आणली, 'ड्रीमलिस्ट' म्हणून. आता नुसतं मत नाही, तो गेम तुम्हाला का हवा, त्याची तुमची आठवण काय, तेही लिहिता येतं. मी परवा तिथे एका जुन्या गेमला मत दिलं. त्याला फारशी मतं नाहीत. खाली दोन ओळी लिहिल्या, आणि शेवटी कंसात गावाचं नाव घातलं.